‘मला फक्त इंटरनेट लागतं’ म्हणणाऱ्या माणसासाठी डेस्कटॉप निवडताना

‘तुला त्यातलं कळतं, तूच बघ’ हे वाक्य ज्यांच्या वाट्याला येतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. संगणक वापरणारा माणूस वेगळा असतो आणि निवडणारा वेगळा. अडलं की फोन मात्र निवडणाऱ्यालाच येतो.

मेल, बातम्या, व्हिडिओ, बँक, तिकिटं, नातवंडांशी गप्पा एवढंच काम असेल, तर पूर्ण ताकदीचा विंडोज संगणक घेणं म्हणजे राखायला उगाच एक मोठं घर घेणं. गुगलने २००९ मध्ये जाहीर केलेली क्रोमओएस ही प्रणाली अशाच कामासाठी आहे. तिच्यावर चालणारे पहिले लॅपटॉप, म्हणजे क्रोमबुक, २०११ मध्ये आले आणि टेबलावर ठेवायचा छोटा डबा, म्हणजे क्रोमबॉक्स, २०१२ मध्ये. यात ब्राउझर हाच मुख्य कार्यक्रम. प्रणालीच्या दोन प्रती आत असतात. तुम्ही एकीवर काम करत असताना नवं अपडेट गुपचूप दुसरीवर उतरतं आणि पुढच्या वेळी संगणक सुरू केला की तीच प्रत वापरात येते. सुरू होताना प्रणाली स्वतःची तपासणीही करते. ‘अपडेट चालू आहे, बंद करू नका’ हे अर्धा तास बघत बसणं इथे नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. हा संगणक घेतला की यंत्राची काळजी जवळजवळ संपते आणि गुगल खात्याची सुरू होते. डबा जळाला तर दुसरा आणायचा, त्याच खात्याने लॉगिन करायचं, मेल आणि बुकमार्क जागच्या जागी. पण खातं हातचं गेलं, तर कोरं करकरीत यंत्र समोर असूनही काही उपयोग नाही.

आधी आठवडाभर नुसतं बघा

‘तुम्ही संगणकावर काय काय करता?’ असं विचारून खरं उत्तर मिळत नाही. माणूस खोटं बोलत नाही. रोज होणारी कामं त्याला ‘काम’ वाटत नाहीत, एवढंच. माझी मावशी म्हणाली होती, ‘मेल आणि व्हिडिओ, बाकी काही नाही.’ शेजारी बसून बघितलं तर तासाभरात तिने जुन्या स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधून दोन कागद स्कॅन केले, डेस्कटॉपवर बसवलेला पत्त्यांचा डाव उघडला आणि खर्चाच्या एक्सेल फाइलमधलं एक बटण दाबलं. ते बटण कुणीतरी मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आतला छोटा प्रोग्राम, लिहून करून दिलेलं होतं. डाव ब्राउझरमध्ये सापडला. स्कॅनर बदलावा लागला. मॅक्रो मात्र ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये चालतच नाहीत, म्हणून ती फाइल साध्या सूत्रांवर नव्याने बांधून दिली. हे खरेदीनंतर कळलं असतं, तर सगळा दोष नव्या संगणकाच्या माथी गेला असता.

म्हणून चाचणी अशी करा. आताच्या संगणकाच्या डेस्कटॉपवरचं सगळं एका फोल्डरमध्ये हलवा. काही पुसू नका. समोर फक्त ब्राउझरचं चिन्ह ठेवा आणि एक वही. आठवडाभरात जे जे ‘सापडत नाही’ म्हणून विचारलं जाईल, ते वहीत लिहायचं.

आठवड्यानंतर वही कोरी असेल तर पुढे चला. दोन-चार नोंदी असतील तर प्रत्येकीला ब्राउझरमधला पर्याय आहे का ते बघा, आणि पर्याय त्याच माणसाला वापरायला देऊन बघा. ‘होईल की’ असं स्वतःच ठरवू नका. विंडोजवर बसवायची सॉफ्टवेअर, हिशेबाचे डेस्कटॉपवर चालणारे कार्यक्रम, फोटोशॉपची पूर्ण आवृत्ती, वायर जोडून आयफोनचा बॅकअप घेणं, डिजिटल सहीची युएसबी किल्ली, असलं काही वहीत आलं आणि ते दर आठवड्याला लागणारं असेल, तर इथेच थांबा. साधा विंडोज मिनी पीसी किंवा मॅक घ्या. त्यात काही हरल्यासारखं नाही.

घरातलाच जुना संगणक चालेल का?

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे धडधाकट असूनही विंडोज ११ न घेणारी बरीच यंत्रं घराघरात पडून आहेत. त्यांच्यासाठी क्रोमओएस फ्लेक्स, म्हणजे जुन्या संगणकावर बसवता येणारी क्रोमओएस, आहे. गुगलने ते २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, ते फुकट आहे आणि इंटेल किंवा एएमडीच्या ६४ बिट प्रोसेसरवर चालतं. किमान ४ जीबी रॅम आणि १६ जीबी जागा लागते. पेन ड्राइव्ह ८ जीबीचा किंवा मोठा हवा.

त्यातली सोय अशी की पेन ड्राइव्हवरूनच संगणक सुरू करून पाहता येतो, आतल्या डिस्कला हात न लावता. तेव्हा घाई करू नका. वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, झोपवलेला संगणक नीट जागा होतो का, प्रिंटर सापडतो का, हे एकेक तपासा. ‘झोपून जागं होणं’ हे सगळ्यात दगा देणारं. समाधान झालं तरच आतल्या डिस्कवर बसवा, आणि त्याआधी जुने फोटो नि कागद दुसरीकडे उतरवून घ्या, कारण बसवताना डिस्क पूर्ण पुसली जाते.

मर्यादाही माहीत हव्यात. फ्लेक्समध्ये प्ले स्टोअर आणि अँड्रॉइड अॅप नाहीत. बोटाचा ठसा ओळखणारा सेन्सर चालेल असं धरू नका. खऱ्या क्रोमबॉक्समध्ये असलेली गुगलची सुरक्षा चिप अर्थातच जुन्या यंत्रात नसते. गुगल तपासलेल्या मॉडेलची यादी ठेवतं आणि त्या प्रत्येक मॉडेलला पाठिंब्याची मुदत आहे, ती बघून घ्या. जुन्या यंत्रात फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, टाका, नाहीतर नुसती प्रणाली बदलून समाधान होणार नाही.

डबा, एकसंध की लॅपटॉप

माझं मत डब्याच्या बाजूने आहे. मॉनिटर, कीबोर्ड, माउस वेगळे राहतात. जे बिघडेल तेवढंच बदलायचं. मॉनिटर चांगला असेल तर दोन डबे सहज बघतो. क्रोमबेस नावाचे एकसंध संगणक, म्हणजे पडद्यामागेच सगळं, दिसायला सुटसुटीत आणि वायरीही कमी. पण मॉडेल मोजकीच निघाली, आणि पडदा गेला की सगळंच गेलं.

तिसरा मार्ग लोकांच्या लक्षात येत नाही: साधं क्रोमबुक घ्यायचं आणि त्याला मोठा मॉनिटर जोडायचा. वीज गेली तर बॅटरी, कॅमेरा आणि माईक आयते, शिवाय आजारपणात उशाशी नेता येतं. झाकण मिटून ठेवलं तर कॅमेराही मिटतो, म्हणून ते उघडंच बाजूला ठेवावं लागतं. दोन पडदे बघून गोंधळणाऱ्या माणसाला हे जमत नाही. दोन्हीकडे एकच चित्र दिसेल अशी सेटिंग करून देता येते, तरी ‘कुठल्या पडद्यावर बघू?’ हा प्रश्न काही दिवस येतोच.

मुदत बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका

प्रोसेसर नंतर, किंमत नंतर. आधी ही तारीख.

प्रत्येक क्रोमबॉक्सला आणि क्रोमबुकला आपोआप अपडेट मिळण्याची एक शेवटची तारीख असते. सप्टेंबर २०२३ मध्ये गुगलने ही मुदत १० वर्षं केली. पण ही वर्षं मोजायची कुठून, तिथे लोक फसतात. तुम्ही विकत घेतलं त्या दिवसापासून नव्हे, तर त्या यंत्राचा मूळ प्लॅटफॉर्म, म्हणजे आतली हार्डवेअरची रचना, बाजारात आला तेव्हापासून. म्हणजे सीलबंद खोक्यातलं, पण तीन वर्षं जुन्या प्लॅटफॉर्मचं यंत्र घेतलं, तर हातात सातच वर्षं पडतात.

मी स्वतः एकदा वापरलेला क्रोमबॉक्स घेतला. विकणाऱ्याने सांगितलेलं सगळं खरं होतं: चालू स्थितीत, ओरखडा नाही, मूळ चार्जरसकट. अपडेटचे सात महिने उरलेत हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तारीख दोन ठिकाणी मिळते. खरेदीआधी गुगलच्या मदत पानांवर ‘ऑटो अपडेट पॉलिसी’ची यादी असते, त्यात कंपनीप्रमाणे मॉडेल आणि महिना दिलेला असतो. मॉडेलचं नाव अक्षरन् अक्षर जुळवा, कारण एका आकड्याच्या फरकाने पिढी बदलते आणि पिढीबरोबर तारीख. यंत्र हातात असेल तर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट क्रोमओएस’ उघडा, आतल्या जास्तीच्या तपशिलात अपडेटची मुदत लिहिलेली असते. तारीख उलटली म्हणून संगणक बंद पडत नाही. पण सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबतात, आणि बँकेचे व्यवहार करणाऱ्या माणसाच्या हातात असं यंत्र देऊ नये. नवं घेताना निदान सात, वापरलेलं घेताना निदान पाच वर्षं शिल्लक हवीत, असा माझा हिशेब.

रॅम ८ जीबी, बाकी साधं

४ जीबीवर क्रोमओएस चालतं, हे खरं. पण व्हिडिओ कॉल चालू असताना दहा टॅब उघडे राहिले की जागा करण्यासाठी ब्राउझर जुने टॅब मिटवतो आणि परत गेल्यावर ते नव्याने लोड करतो. आपल्यासाठी ही क्षुल्लक गोष्ट. पण अर्धा फॉर्म भरून दुसऱ्या टॅबवरचा नंबर बघायला गेलेला माणूस परत येतो, तेव्हा त्याचा फॉर्म कोरा झालेला असतो. ‘माझंच काहीतरी चुकलं’ म्हणून तो गप्प बसतो आणि पुढच्या वेळी फॉर्म भरायलाच घाबरतो. केवळ एवढ्यासाठी ८ जीबी घ्या.

साठवणीची जागा ६४ जीबी भरपूर होते. अँड्रॉइड अॅप बरीच वापरणार असाल तर १२८. मोठ्या ताकदीच्या प्रोसेसरवर पैसे घालवू नका, ते मॉनिटरवर घाला. लॅपटॉपच्या वाटेने जात असाल तर ‘क्रोमबुक प्लस’ हे २०२३ पासूनचं लेबल शोधा. ते असेल तर किमान ८ जीबी रॅम आणि १२८ जीबी जागा असतेच.

मॉनिटर आणि आजूबाजूचं

क्रोमबॉक्सच्या खोक्यात मॉनिटर नसतो, कॅमेरा नसतो, बहुतेक वेळा स्पीकरही नसतो. कीबोर्ड-माउस काहींत मिळतात, काहींत नाही. ही यादी न बघता घेतलं की पहिल्या दिवशी आवाजच येत नाही. मॉनिटरला स्पीकर आहे का बघा. नसेल तर युएसबीवर चालणारा छोटा स्पीकर घ्या, आणि माईक असलेला युएसबी कॅमेरा.

मॉनिटर निवडताना ‘जास्त पिक्सेल म्हणजे चांगलं’ हा नियम विसरा. २४ इंची फुल एचडी पडद्यावर इंचाला सुमारे ९२ ठिपके बसतात, २७ इंचीवर तेवढेच ठिपके पसरून इंचाला सुमारे ८२. म्हणजे कुठलीही सेटिंग न बदलता २७ इंचीवर अक्षर मोठं दिसतं. तरुण डोळ्यांना ते किंचित भरड वाटेल. चष्मा लावून वाचणाऱ्याला तेच बरं.

मॉनिटरमागे चार स्क्रूंची जागा असेल तर डबा तिथे टांगता येतो. टेबल मोकळं होतं, पण चालू करायचं बटण मागे जातं. रोज मागे हात घालून चाचपडावं लागणार असेल, तर डबा समोर टेबलावरच बरा.

कीबोर्ड आणि माउस वायरचेच घ्या. सेल संपणं, जोडणी तुटणं, ‘माउस मेला’ असे फोन येणं, हे सगळं त्याने वाचतं. घरातला जुना विंडोज कीबोर्ड चालतो. त्यावरची विंडोजची कळ दाबली की क्रोमओएसमध्ये अॅपची यादी उघडते.

प्रिंटर

नवे वायफाय प्रिंटर बहुधा आपोआप सापडतात, कारण त्यांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. जुन्या प्रिंटरचं मॉडेल आधी तपासा. प्रिंटर जर फक्त गुगल क्लाउड प्रिंटच्या भरवशावर चालत असेल, तर ती इंटरनेटवरून छापण्याची सेवा २०२० अखेर बंद झाली आहे. छापण्याबरोबर स्कॅनिंगही तपासून घ्या.

खातं: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

यंत्र घरी आलं की तुमच्या खात्याने सुरू करून बघायचा मोह होईल. करू नका. क्रोमओएसमध्ये जे खातं पहिलं जोडलं जातं तेच यंत्राचं मालक ठरतं, आणि मालक बदलायचा तर सगळं पुसून पुन्हा सुरुवात करावी लागते. वापरणाऱ्याचंच खातं पहिलं जोडा.

त्याआधी ते खातं धडधाकट करा. पासवर्ड परत मिळवण्यासाठीचा फोन नंबर त्यांचा स्वतःचा आणि आज चालू असलेला हवा. तिथे हमखास वर्षांपूर्वी बंद केलेला नंबर सापडतो. परत मिळवण्याचा ईमेल पत्ता तुमचा द्या. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा आणि गुगल देतं ते ८ आकडी १० बॅकअप कोड कागदावर छापून महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा. फोन हरवला तर तेच कामाला येतात. पासवर्ड वहीत लिहू नये असं सगळे सांगतात. मी सांगतो, लिहा. घरातल्या कपाटातल्या वहीपर्यंत दूरदेशीचा चोर पोचत नाही, पण विसरलेला पासवर्ड तुम्हाला मात्र रात्री अकरा वाजता फोन करायला लावतो. फक्त वही संगणकाच्या शेजारी नको. रोजच्या वापरासाठी ६ आकडी पिन ठेवून द्या.

खात्यातली फुकट जागा १५ जीबी असते आणि ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत वाटलेली असते. फोनवरचे व्हिडिओ ती गुपचूप खातात. जागा भरली की मेल येणं थांबतं आणि ‘हल्ली मला कुणी मेलच करत नाही’ अशी तक्रार येते. ताबा देण्याआधी जागा किती उरली ते बघा.

हातात देण्याआधी करायच्या खटपटी

पडद्यावरचं सगळं मोठं करायला कंट्रोल, शिफ्ट आणि अधिक. फक्त पान मोठं करायला कंट्रोल आणि अधिक, पूर्ववत करायला कंट्रोल आणि शून्य. माउसचा बाण मोठा आणि रंगीत करा. रोज लागणाऱ्या चार-पाच साइट खालच्या पट्टीवर टाचून ठेवा, प्रत्येक आपल्या स्वतंत्र खिडकीत उघडेल अशी. टॅबच्या गर्दीत हरवणाऱ्या माणसाला यानेच सगळ्यात जास्त आराम मिळतो. डाउनलोडची जागा बदलून ड्राइव्ह करा. मराठीत लिहायचं असेल तर गुगल इनपुट टूल्स आहे. टायपिंगचा कंटाळा असणाऱ्याला गुगल डॉक्समध्ये बोलून लिहायला दाखवा, ते मराठीही घेतं.

आता नोटिफिकेशन. एखादी साइट विचारते, ‘सूचना पाठवू का?’ आणि सभ्य माणूस ‘अलाउ’ दाबतो. मग पडद्याच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस आहेत’ असल्या पाट्या दिवसभर येत राहतात. संगणकात काहीच शिरलेलं नसतं, साइटला दिलेली परवानगी बोलत असते. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन सरसकट बंद करून टाका. एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे जादा प्रोग्राम, एक-दोनच्या वर नकोत.

पूर्ण पडदा व्यापून, घंटा वाजवत ‘या नंबरवर फोन करा’ म्हणणारी पानं इथेही येतात. ती साधी वेबपानं असतात, म्हणून कुठल्याही संगणकावर उघडतात. त्यांच्यासाठी एकच सवय लावा: फोन करायचा नाही, एस्केप दाबून धरायचं, तरीही जात नसेल तर डब्याचं बटण बंद होईपर्यंत दाबायचं. परत सुरू झाल्यावर ‘आधीची पानं उघडू का?’ असं विचारलं तर नाही म्हणायचं. हे तोंडी सांगून भागत नाही. त्यांच्या हाताने दोनदा करवून घ्या.

दुरून मदत करायला क्रोम रिमोट डेस्कटॉप पुरतं. ते एकदाच चालणारा १२ आकडी कोड देतं, तो त्यांनी तुम्हाला फोनवर वाचून दाखवायचा. दर ३० मिनिटांनी ते परवानगी पुन्हा विचारतं. इथे घरात एक नियम करा: फोन त्यांनी तुम्हाला केला असेल तरच कोड सांगायचा. समोरून फोन आला, अगदी तुमच्या नावाने आला, तरी नाही.

काहीच सुधरेना तर पॉवरवॉश, म्हणजे यंत्र कोरं करणं. लॉगिनच्या पडद्यावर कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि आर. यंत्रावर साठवलेलं जातं, खात्यातलं राहतं. हे एकदा त्यांना देण्याआधी मुद्दाम करून बघा. पुसलेलं यंत्र त्याच खात्याने परत उभं राहायला किती वेळ लागतो आणि त्यात काय परत येत नाही, ते तेव्हाच कळतं.

शेवटी डब्याच्या तळाला कागदाची एक पट्टी चिकटवा. तिच्यावर मॉडेलचं पूर्ण नाव, घेतल्याचा महिना आणि अपडेट संपण्याचा महिना लिहा. त्या महिन्याच्या सहा महिने आधीची आठवण स्वतःच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, त्यांच्या नव्हे.